शनिवार पेठेतले मार्लकोट

आमच्या यवतमाळात पुण्याहून परतलेल्या माणसाला दोनच प्रश्न विचारतात. पोराला नोकरी लागली का, आणि तिथली माणसं खरंच तशी असतात का? मला मूलबाळ नाही, म्हणून पहिला प्रश्न माझ्यापुरता बाद. दुसऱ्याचं उत्तर चालता चालता देण्यासारखं नाही. त्यातून मी पुण्यात चार दिवस राहून शनिवारवाडा आतून पाहिला नाही, कुठल्या बागेत गेले नाही, साडीसुद्धा घेतली नाही. पाहिलं ते पाचशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रज सरदार घराणं. असं सांगितलं की लोक माझ्याकडे जरा काळजीनं बघतात, म्हणून सगळं नीट लिहून काढते.

झालं असं की दिवाळीनंतर जोगळेकर सरांचं पत्र आलं. सर आमच्या कॉलेजात इंग्लंडचा इतिहास शिकवायचे. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि आता त्याच कॉलेजात, बहुधा त्याच फळ्यावर, इतिहास शिकवते. निवृत्त होऊन सर पुण्याला गेले त्याला पंचवीस वर्षं झाली. पत्रातलं अक्षर त्यांचं नव्हतं, वाक्यं मात्र त्यांचीच होती.

'मार्लकोट घराण्यावरील पुस्तक छापून झाले. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी बांधणीला जाईल. त्यापूर्वी शुद्धिपत्र करणे आहे. माझे डोळे गेले. आपण वर्गात माझ्या फळ्यावरच्या तीन चुका दाखवल्या होत्या, हे मी विसरलेलो नाही. चार दिवस पुरतील. राहण्याची सोय आपली आपण करावी.'

शेवटचं वाक्य ऐकून माझ्या थोरल्या बहिणीनं कपाळावर हात मारला. "पावणीले बोलावते अन् राहाले जागा नाही म्हणते!" मी मात्र तिकीट काढलं. पस्तीस वर्षांपूर्वीच्या तीन चुका ज्या माणसाच्या अजून लक्षात आहेत, त्याला नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

मांजरी, गुरुवार

उतरले माझ्या भाचीकडे, मांजरीला. पल्लवी तिथं तेराव्या मजल्यावर राहते आणि एका आयटी कंपनीत कामाला जाते. बाल्कनीत उभं राहिलं की एका बाजूला तुरे आलेला ऊस आणि दुसऱ्या बाजूला नव्या इमारती, आणि दोन्हींची उंची वाढतेच आहे. आमच्याकडे डिसेंबरात शेतं म्हणजे तूर आणि वेचणीला आलेला कापूस; एवढं हिरवंगार, पाणी पिऊन बसलेलं पीक पाहून मला थोडा हेवा वाटला. गेटपाशी टोपली घेऊन बसलेल्या बाई म्हणाल्या, "मेथी घ्या ताई, आत्ताच उपटल्याली हाय." लिफ्टमध्ये तीन माणसं भेटली. एक अकोल्याचा, एक वाशीमचा, आणि एक काहीच न बोलणारा. तो पुण्याचा असावा.

पल्लवीनं चहा दिला आणि विचारलं, "मावशी, तू नेमकं काय करून राहिली तिथं? मला क्लिअर नाही झालं."

"पुस्तकात छापायच्या चुका राहतात नं, त्यांची यादी करायची. अशुद्ध काय, शुद्ध काय. तो कागद पुस्तकात चिकटवतात."

"म्हणजे बग लिस्ट! मग ठीक आहे. आम्ही पण फिक्स नाही केलं तर नोट्समध्ये टाकून देतो."

चार दिवसांत माझ्या कामाची इतकी चांगली व्याख्या दुसऱ्या कुणी केली नाही.

शनिवार पेठ, त्याच दिवशी

सरांसाठी मी घरून संत्री नेली होती. बसमध्ये हडपसरच्या पुढे पिशवीचा बंद तुटला आणि संत्री सगळ्या बसभर झाली. आमच्याकडे अशा वेळी अर्धी बस खाली वाकते आणि उरलेली अर्धी सल्ले देते. इथं कुणी एक शब्द बोललं नाही, पण प्रत्येकानं आपल्या पायाशी आलेलं संत्रं उचलून पुढच्याच्या हातात दिलं, आणि हातोहात सगळी माझ्यापर्यंत आली. शेवटचं देणारे आजोबा म्हणाले, "मोजून घ्या. नंतर तक्रार चालणार नाही." मोजली. एकही कमी नव्हतं.

पेठेत पत्ता विचारला तर दुकानदारानं वर न बघता उलट विचारलं, "जोगळेकर कुठले? पुस्तकवाले की भांडणारे?" मी म्हटलं पुस्तकवाले. "मग समोरची इमारत. भांडणारे असते तर मी सांगितलं नसतं."

चार मजली साधी इमारत, पहिल्या मजल्यावर सर. दार त्यांच्या मुलीनं, शुभदाताईंनी उघडलं. माझ्याच वयाच्या, बँकेतून मुदतीआधीच निवृत्त झालेल्या, केस बारीक कापलेल्या. पत्रातलं अक्षर त्यांचं होतं हे त्यांनी उंबऱ्यातच सांगितलं. "वाक्यं त्यांची आहेत. राहण्याच्या सोयीचं मी गाळा म्हणत होते." आई गेल्यापासून सरांचं जेवणखाण, औषधं, पत्रव्यवहार सगळं त्याच बघतात. त्यांचं स्वतःचं घर वरच्या मजल्यावर.

सर खुर्चीत ताठ बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, डोळे उघडे पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे. कॉटवर छापलेल्या कागदांचे गठ्ठे होते आणि भिंतभर मार्लकोटांची वंशावळ. मी वाकून नमस्कार केला. म्हणाले, "राऊतबाई, आवाज तोच आहे. कामाला लागा."

वाचकांसाठी थोडं सांगते. कोकणातून देशावर आलेल्या घराण्यांत कुलवृत्तांत छापायची पद्धत आहे. मूळ पुरुषापासून आजपर्यंतच्या प्रत्येक पुरुषाला त्यात क्रमांक असतो. पुढे गोत्र, कुलदैवत, शिक्षण, स्वभाव, मुलगे. आमच्यात असं काही नाही. आम्हाला पणजोबांचं नाव विचारलं की आम्ही आत्याला फोन करतो. सरांनी तरुणपणी यवतमाळच्या ग्रंथालयात एका जुन्या इंग्रजी पुस्तकात मार्लकोटांची हकिगत वाचली आणि मग चाळीस वर्षं पत्रं पाठवून, नकला मागवून त्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहिला. इंग्लंडला एकदाही गेले नाहीत. मी विचारलं का, तर म्हणाले, "व्हिसासाठी मुंबईला जावं लागतं."

आणि काय लिहिलं होतं! शुक्रवारी दिवसभर मी वाचत होते आणि तोंडाला पदर लावून हसत होते. 'जॉन (१). मूळ पुरुष. लोकरीच्या व्यापारात वर आले. लढाईत आयत्या वेळी योग्य बाजूस उभे राहिले, म्हणून पहिल्या ट्यूडर राजाने सरदारकी दिली. स्वभाव शीघ्रकोपी.' तक्त्यात गोत्राचा खण होता, तिथं लिहिलं होतं, 'नाही. चिन्ह: बगळा.' कुलदैवताच्या खणात, 'राजाज्ञेनुसार बदलत गेले.' जॉनचा मुलगा थॉमस. सहा लग्नं करणाऱ्या राजानं मठ मोडले तेव्हा यानं शेजारचा मठ घेऊन त्याच्या दगडांतून घर बांधलं. 'घर फार थंड असे,' असा शेरा. मग पुन्हा जॉन, पुन्हा थॉमस, आजोबांचं नाव नातवाला, अगदी आपल्यासारखंच. पुण्याच्या एका खोलीत बसून माणूस एवढ्या दूरच्या माणसांना घरच्यासारखं ओळखतो, याचं मला फार कौतुक वाटलं.

दुपारी शुभदाताईंनी विचारलं, "दोन पोळ्या की तीन? आधी सांगा." आमच्याकडे असं विचारणं म्हणजे अपमान, आम्ही ताटात वाढत राहतो आणि पाहुणा हात आडवा करत राहतो. मी जरा रागानंच म्हटलं, तीन. त्यांनी तीन केल्या, एकेक तव्यावरून थेट माझ्या ताटात, आणि स्वतः मागून जेवल्या. आमटी गोड होती, ते सोडा. पण माझ्या लग्नानंतर इतकी गरम पोळी मला कुणी वाढली नव्हती, आणि माझा राग पहिल्या घासालाच गेला.

अडचण आली संध्याकाळी, शेवटच्या प्रकरणात. पान दोनशे अठरा. थॉमस (४), शेवटचे सरदार. 'पुत्र तीन. जॉन, प्लेगच्या साथीत वारले. विल्यम, जहाजाबरोबर बुडाले. हेन्री, कटात सापडले, शिरच्छेद. कन्या एक, विवाहित. येथे वंश खुंटला.' आणि पुस्तकाच्या प्रस्तावनेतलं शेवटचं वाक्य यावरच उभं होतं: 'ज्यांचे नाव सांगायला मागे कोणी उरले नाही, त्यांचे नाव परक्याने तरी घ्यावे.'

पानासमोर दोन फोटो होते. पहिला थॉमसच्या थडग्याचा. वर दगडाचे नवराबायको निजलेले, खाली बाजूला मुलं गुडघे टेकून बसलेली. तिन्ही मुलग्यांच्या हातात कवट्या. बापाच्या आधी गेलेल्या मुलांना तिकडे तसं कोरतात. त्यांच्या मागे एक मुलगी, हात जोडलेली, खाली नाव कोरलेलं, मार्गारेट. तिच्या हातात काही नाही. दुसरा फोटो शेजारच्या गावातल्या थडग्याचा. त्यावर ढाल, ढालीचे चार भाग, आणि त्यांतल्या दोहोंत बगळा. खाली सरांची टीप: 'इतर घराणे. बगळ्याचा संबंध कळत नाही.'

मला तो ताबडतोब कळला, कारण तो मला सरांनीच शिकवला होता. वर्गात त्यांनी फळ्यावर ढाल काढली होती. ज्या मुलीला भाऊ उरत नाही, तिची मुलं ढालीचे चार भाग करतात आणि आईच्या बापाचं चिन्ह त्यातल्या दोहोंत घेतात. आम्ही तिघी बहिणी, भाऊ नाही. आमच्या बाबांबरोबर घर संपणार असं आत्या दर भाऊबीजेला म्हणायची. म्हणून ती ढाल मी वहीत रंगवून ठेवली होती.

म्हणजे वंश खुंटला नव्हता. मार्गारेट होती, तिला मुलगा होता, आणि तो आजोबांचा बगळा छातीवर घेऊन निजला होता. सोमवारी बांधणी होती.

मंडई, शनिवार

सकाळी शुभदाताई मंडईत निघाल्या, मीही गेले. मटार, आवळे, पावटा यांचे ढीग आणि त्यामागे आपापल्या गादीवर बसलेली ठाम माणसं. शुभदाताईंनी मटारची शेंग उचलली तर विक्रेता म्हणाला, "गोड आहे. विश्वास नसेल तर खा, खाल्ली तर घ्या." त्यांनी खाल्ली आणि घेतले. मी तिथंच विषय काढला.

त्या थांबल्या नाहीत, चालता चालताच बोलल्या. "तो फोटो मीच त्यांना वर्णन करून सांगितला होता. म्हटलं, बाबा, दोन घरांत तुमचा बगळा आहे. तिथल्या चर्चमधल्या बाईंचं पत्रही आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय, हा मार्गारेटचा थोरला मुलगा. तेही वाचून दाखवलं."

"मग सर काय म्हणाले?"

"म्हणाले, दिली ना ती, तिचं तिच्या सासरचे लिहितील. पुढचं पत्र घे."

"अन् तुम्ही गप्प बसल्या?"

"मी काय बोलणार, वंदनाताई? मीही दिलेलीच. एक जिना वर." आणि हसल्या. मला हसू आलं नाही. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या घराण्याच्या कुलवृत्तांतातही सरांच्या नावाखाली तेवढंच आहे: कन्या एक, विवाहित. त्याच्याखाली पान कोरं. सर त्या पानाबद्दल कधी बोलत नाहीत. तेव्हा मला समजलं की पुरुषवंश संपलेल्या या परक्या घराण्याला त्यांनी चाळीस वर्षं का जवळ धरलं होतं. आणि हे समजल्यावर तर सांगणं आणखीच जड झालं.

पुन्हा शनिवार पेठ

दुपारी सरांना म्हटलं, "दोनशे अठरावर एक चूक आहे."

"वाचा."

"येथे वंश खुंटला."

"यात अशुद्ध काय आहे?"

"शब्द शुद्ध आहेत, सर. वंश खुंटलेला नाही." आणि मी ढाल, पत्र, मुलगा, सगळं सांगितलं.

सर शांतपणे म्हणाले, "शुद्धिपत्रात छापखान्याच्या चुका देतात, राऊतबाई. लेखकाच्या नाही."

"मग लेखकाच्या कुठे देतात?"

"लेखक गेल्यावर दुसरे लोक देतात. तोवर थांबा."

इथं माझी वऱ्हाडी तब्येत उसळली. "सर, तुमच्या तक्त्यात पोरीले खण नाही म्हणून ती नव्हतीच का? तिघा भावांच्या हातात कवट्या आहेत. तिचे हात रिकामे आहेत, कारण बापाच्या मागं तीच एक उरली होती. त्याचं नाव सांगणारी तीच. तुम्ही चाळीस वर्षं त्या घरात वावरून राहिले अन् जिवंत माणूसच तेवढं दिसलं नाही तुम्हाले?"

दिसलं नाही, हा शब्द तोंडातून गेला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वयंपाकघराच्या दारात शुभदाताई उभ्या होत्या. सर म्हणाले, "आज एवढं पुरे." मी पिशवी उचलून निघाले. मांजरीला पोचेपर्यंत स्वतःला शिव्या देत होते. चुका काढायला बोलावलं होतं, म्हाताऱ्या गुरूचं काळीज फोडायला नाही.

निघण्याचा दिवस, रविवार

जावं की न जावं करत गेले. गाडी संध्याकाळची होती. शुभदाताईंनी काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पोहे दिले. सर संत्रं सोलत होते, बोटांनी चाचपून, एकही शीर न ठेवता. अर्धं माझ्यासमोर धरलं.

"ती ढाल मी केव्हा शिकवली होती?"

"दुसऱ्या वर्षाला, सर."

"बरोबर काढली होती का?"

"ढाल बरोबर होती. तीन चुका दुसऱ्या दिवशीच्या."

सरांचे ओठ किंचित हलले. हसले असावेत; पुण्यात ते ओळखायला चार दिवस पुरत नाहीत. मी यादी वाचून दाखवली. एक्केचाळीस चुका, सगळ्या छापखान्याच्या. शेवटी पेन्सिलीनं पान दोनशे अठराचा आकडा लिहिला आणि पुढची जागा मोकळी सोडली. तसं त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "गाडी चुकेल तुमची." मी नमस्कार केला. माझ्या डोक्यावर हात ठेवायचा त्यांचा अंदाज जरा चुकला आणि हात गालावर आला. तो त्यांनी तिथंच थोडा वेळ ठेवला.

घरी आल्यावर बहिणीनं दुसरा प्रश्न विचारलाच. मी म्हटलं, तशी आहेत, पण मोजून संत्री परत देतात. महिनाभर काही कळलं नाही. मग पार्सल आलं. जाडजूड पुस्तक, वेष्टनावर बगळा. प्रस्तावनेतलं ते वाक्य होतं तिथंच होतं, 'येथे वंश खुंटला'ही होतं. छापलेलं कसं बदलणार? मी शेवटी चिकटवलेला कागद उघडला. एक्केचाळीस चुका ओळीनं होत्या. त्याखाली हे होतं.

'पृष्ठ २१८. अशुद्ध: येथे वंश खुंटला. शुद्ध: मार्गारेट (५), थॉमस यांच्या मागे उरल्या. पुढील वंश त्यांचा. ही चूक छापखान्याची नाही.

या पुस्तकाबाहेरील एक चूक. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत, माझ्या नावाखाली. अशुद्ध: कन्या एक, विवाहित. शुद्ध: शुभदा. डोळे गेल्यावर या पुस्तकासाठी आलेले प्रत्येक पत्र हिने वाचले व प्रत्येक ओळ हिने लिहिली. राहते एक जिना वर.'

मी शुभदाताईंना फोन लावला. अभिनंदन म्हणावं की काय म्हणावं सुचेना.

"वाचलंत ना?" त्या म्हणाल्या. "बाबांना लिहिता कुठं येतं आता? तेही मलाच सांगून लिहून घेतलं. मधे दोनदा थांबावं लागलं."

कुणाला थांबावं लागलं, ते मी विचारलं नाही.